तेराव्या मात्रेपासून समेपर्यंत

गोल्फ खेळताना एकाच जागी उभं राहून, त्याच क्लबने, म्हणजे काठीने, मारलेला एक चेंडू उजवीकडच्या झाडीत जातो आणि पुढचा डावीकडचा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, ओलांडून जातो, तेव्हा नेम कुठे धरावा हेच कळेनासं होतं. चेंडू नेहमी उजवीकडेच जात असेल तर थोडं डावीकडे तोंड करून उभं राहता येतं. चांगले चांगले खेळाडू आयुष्यभर तसं खेळतात आणि मजेत खेळतात. दोन्हीकडे फुटणाऱ्या चेंडूला असला तोडगा चालत नाही. माझ्या सात नंबरच्या आयर्नची, म्हणजे मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबची, बराच काळ हीच गत होती. ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबची, तर विचारूच नका.

२०२१च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या शेवटच्या फेरीत अदिती अशोक पदकाच्या इतकी जवळ आली की ज्यांनी जन्मात गोल्फ पाहिला नव्हता तेही त्या शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसले. त्यात मीही होते. ती चौथी आली. तिचे ड्राइव्ह, म्हणजे ड्रायव्हरने मारलेले फटके, इतर बहुतेकींपेक्षा आखूड पडत होते आणि तरी ती पुढे होती, हे मला फार भावलं. त्रेचाळिसाव्या वर्षी मी क्लब हातात घेतला तो त्या सकाळमुळे. नवऱ्याच्या सदस्यत्वामुळे येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर खेळायची सोय होती. नोकरी बँकेतली, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. ही खुर्ची पुढे या गोष्टीत येणार आहे.

आधी चेंडूचं गणित सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. मी उजव्या हाताने खेळते. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं. चेंडू कुठल्या दिशेने निघतो ते मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, कुठे पाहतोय यावर ठरतं. हवेत तो कुठे वळतो ते फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. रडारने मोजणी सुरू झाल्यापासून यावर वाद उरलेला नाही. आयर्नच्या बाबतीत सुरुवातीच्या दिशेचा साधारण तीन चतुर्थांश वाटा फेसचा धरतात, ड्रायव्हरला त्याहून जास्त. माझा क्लब चेंडूवर फार आतून, म्हणजे माझ्या पाठीकडून, उजवीकडे तोंड करून यायचा. फेस तसाच उघडा राहिला की चेंडू सरळ उजव्या झाडीत. हातांनी ऐन वेळी फेस वळवला की हुक, म्हणजे चेंडू झपकन डावीकडे. एखाद्या सकाळी हात बरोबर वेळेला वळायचे आणि सगळे चेंडू सुरेख जायचे. त्या सकाळीच जास्त फसवायच्या, कारण सगळं ठीक आहे असं वाटून पुढचे काही आठवडे तसेच निघून जायचे.

गोल्फमध्ये सल्ल्याला तोटा नाही. मला तीन सल्ले सगळ्यात जास्त मिळाले: हळू मारा, डोकं खाली ठेवा आणि कंबर फिरवा. तिन्ही मी मनापासून पाळले आणि तिन्हींनी माझा स्विंग बिघडवला, असं आज मी ठामपणे म्हणेन. डोकं खाली दाबून धरलं की छाती वळायची थांबते, छाती थांबली की हात एकटे पुढे जातात. दहा मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकणारी आनिका सोरेनस्टाम तर आघाताच्या आधीच डोकं लक्ष्याकडे वळू द्यायची. उरलेल्या दोन सल्ल्यांचं काय झालं ते फोनने दाखवलं.

फोनवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने चित्रण होतं, त्यामुळे घरबसल्या चांगलं मोजमाप घेता येतं. दोन बाजूंनी चित्रण करायचं. एक समोरून, आणि एक पाठीमागून लक्ष्याच्या दिशेने. मागचा कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि पायांच्या रेषेला समांतर हवा. तिरका ठेवला तर क्लबचा मार्ग खोटा दिसतो. क्लब हलल्यापासून वर पोचेपर्यंतची चित्रं मोजायची, मग तिथून चेंडूपर्यंतची. अमेरिकेत जॉन नोवोसेल यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफितींवरून अशीच मोजणी केली आणि त्यांना जवळपास सगळीकडे तीनास एक हे प्रमाण दिसलं. येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रोबर यांची मोजणीही त्याच्या जवळ जाते. निक प्राइस घाईघाईत मारतोय असं वाटतं, एर्नी एल्स झोपेत मारतोय असं वाटतं, पण वर जायला लागणारा वेळ खाली यायच्या वेळाच्या तिप्पट, हे दोघांनाही लागू पडतं. मोघम धरायचं तर वर पाऊण सेकंद, खाली पाव सेकंद. २४०च्या हिशोबात १८० चित्रं वर आणि ६० खाली.

माझं खाली यायचं माप साठच्या आसपासच होतं. वर जायचं माप अडीचशेच्या पुढे. ‘हळू मारा’ ऐकून ऐकून मी क्लब इतका सावकाश वर नेत होते की अंगाचं वळण अर्ध्यातच संपायचं, हात मात्र वर वर जात राहायचे. मग वरून एकदम झडप. आणि हा पाव सेकंद इतका छोटा असतो की त्यात काहीही दुरुस्त करता येत नाही. नुसतं काही पाहून हाताला हुकूम पोचायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. टायमिंग चुकतं ते वरून खाली येताना, असं आपण म्हणतो. खरं तर ते त्याआधीच ठरून गेलेलं असतं.

समोरून घेतलेल्या चित्रफितीत दुसरी गोष्ट दिसली. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे वर नेताना, माझी कंबर वळतच नव्हती, ती उजवीकडे सरकत होती. सगळं वजन उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर. तिथून ‘कंबर फिरवा’ हा हुकूम पाळायचा म्हणजे उजव्या पायावर उभं राहूनच गिरकी घ्यायची. कंबर सुटायची पुढे, हात पाठीमागे अडकायचे, माकडहाड चेंडूच्या दिशेने ढकललं जायचं, छाती वर उठायची. मग हातांना जागाच उरायची नाही आणि मनगटं झटकून कसाबसा चेंडू गाठावा लागायचा. वळण कमी होतं म्हणून मला जास्त वळायला सांगत होते. दोष वळणाच्या मापात नव्हता, त्याच्या क्रमात होता. दोन वेगळे आजार म्हणून मी वळण आणि टायमिंग यांच्याशी झगडत होते, पण वळण चुकल्यामुळेच वेळ चुकत होती.

मला शिकवणारे सर पूर्वी कॅडी, म्हणजे खेळाडूंचे क्लब वाहणारे मदतनीस, होते, नंतर प्रो, म्हणजे व्यावसायिक, झाले. त्यांच्या पिढीतल्या अनेकांसाठी अली शेर हे नाव मोठं आहे. कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. सरांनी माझ्या चित्रफिती पाहिल्या आणि क्लबला हात लावायच्या आधी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला उंच खाटेवर पाय सोडून बसवलं, गुडघे जुळवून ठेवायला सांगितले आणि एकेक पाऊल बाहेरच्या बाजूला नेऊन पाहिलं. याने खुबा आतल्या बाजूला किती वळतो ते कळतं. साधारण चाळीस-पंचेचाळीस अंश वळायला हवा. माझा डावा जवळपास तितका वळला, उजवा पंचवीसच्या आसपास अडला. मी म्हटलं, “अहो, पण मी तर तासन् तास मांडी घालून बसू शकते.” त्या म्हणाल्या, “मांडी घालताना खुबा बाहेर वळतो. तुम्हाला हवाय तो आत वळायला.” हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडे मांडी घालता येते म्हणजे खुबे मोकळे, असंच आपण धरून चालतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला बॅकस्विंगमध्ये उजवा खुबा आत वळवावा लागतो आणि फिनिशला, म्हणजे फटक्याच्या शेवटी, डावा. उजवा वळतच नसेल तर कंबर बिचारी करणार काय? ती सरकणार.

माझी पाठ खेळल्यावर का धरायची याचाही उलगडा तिथेच झाला. कमरेचे पाच मणके मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश वळतात. वळणाचा खरा भार खुब्यांनी आणि छातीमागच्या मणक्यांनी उचलायचा असतो. ते दोघे आखडले की कमरेच्या मणक्यांकडून त्यांच्या ताकदीबाहेरचं काम मागितलं जातं. बाईंनी दोन-तीनच व्यायाम दिले. जमिनीवर बसून एक पाय पुढे आणि एक मागे काटकोनात दुमडून अंग वळवायचं. कुशीवर झोपून वरचा हात पुस्तकाचं पान उघडल्यासारखा मागे न्यायचा. रोज रात्री टीव्हीसमोर. कंटाळवाणे आहेत, पण गोल्फच्या सामानावर केलेल्या कुठल्याही खर्चापेक्षा जास्त फळ त्यांनी दिलं.

खुबा मोकळा व्हायला महिने लागतात, तोवर थांबायचं का? सरांनी दोन बदल लगेच करून दिले. उजव्या पायाचा चवडा थोडा बाहेर वळवून उभं राहायचं आणि बॅकस्विंगमध्ये उजवा गुडघा किंचित सरळ होऊ द्यायचा. ‘उजवा गुडघा वाकलेलाच ठेवा’ ही शिकवण मी कितीदा ऐकली होती! लवचीक विशीतल्या मुलांना ती चालत असेल. माझ्यासारखीला तो गुडघा मोकळा होताच कंबर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मागे वळल्यासारखी वाटली.

मग सुरू झालं भिंतीचं काम, आणि त्यात चेंडू नव्हता. भिंतीला पाठ करून, नितंब जेमतेम टेकतील इतक्या अंतरावर, हात छातीवर घडी घालून उभं राहायचं. मागे वळताना उजवा नितंब भिंतीवर दाबला जायला हवा. पुढे वळताना डावा. मधल्या काळात दोन्ही सुटले, म्हणजे अंग चेंडूकडे ढकललं गेलं. ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं तेव्हा पुढे वळताना माझं अंग भिंतीपासून पार दूर जायचं आणि मला त्याचा पत्ताही नसायचा. आपल्याला वाटतं एक आणि अंग करतं भलतंच. या दोन्हींतलं अंतर भिंत जितक्या सरळपणे दाखवते तितकं कुणी दाखवत नाही. बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूमच्या भिंतीशीसुद्धा मी हे करायचे.

यानंतरची पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. चांगल्या खेळाडूंच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं की वेगाचा एक क्रम दिसतो. खाली येताना आधी कंबर आपल्या सर्वोच्च वेगाला पोचते आणि मंदावते. मग छाती पोचते आणि मंदावते. मग हात, शेवटी क्लब. प्रत्येकाचा वेग आधीच्यापेक्षा जास्त. म्हणजे कंबरेने फक्त सुरू व्हायचं नाही, वेळेवर थांबायचंही असतं. बैल हाकणाऱ्याच्या आसुडात हेच घडतं: मूठ पुढे जाऊन थबकते तेव्हाच टोक कडाडतं. मूठ थांबलीच नाही तर आसूड नुसता हवेत फिरतो. माझी कंबर थांबतच नव्हती. ती थांबायची कशाने, तर डाव्या पायाने. वजन त्या पायावर आधी आलेलं असलं की तो सरळ होतो, जमिनीला रेटा देतो आणि कंबरेला अडवतो.

म्हणून सरांनी पाऊल टाकून मारायला लावलं. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, क्लब मागे न्यायचा आणि तो वर पोचायच्या आधीच डावं पाऊल लक्ष्याच्या दिशेने टाकायचं. मग मारायचं. वरचं अंग अजून मागे जातंय आणि खालचं पुढे निघालंय, असा एक क्षण मध्ये येतो. तो क्षण मला चित्रफितीत हजारदा दिसला असता तरी कळला नसता. पाऊल टाकल्यावर अंगाला कळला. पहिल्या दिवशी मी बहुतेक चेंडू टॉप केले, म्हणजे क्लब त्यांच्या डोक्यावर लागला. पण जो एक बरोबर लागला त्याचा आवाजच वेगळा होता, आणि शेजारी मारणारे गृहस्थ मान वळवून बघायला लागले.

आता प्रमाणाचा प्रश्न. तीनास एक हे आकडे डोक्यात धरून कुणाला मारता येत नाही. मेट्रोनोम लावून पाहिला, पण त्या टकटकीने मी आणखी ताठरले. एके रात्री व्यायाम करताना लक्षात आलं की हा हिशोब माझ्या ओळखीचा आहे. मी शाळेत असताना तबला शिकले, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. त्रितालाचा शेवटचा विभाग घ्या: ता धिं धिं धा, आणि मग समेवरचा, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, धा. तेराव्या मात्रेला क्लब हलवला आणि सोळाव्या मात्रेला तो वर पोचला, तर मध्ये तीन मात्रांचं अंतर पडतं. सोळाव्यापासून समेपर्यंत एक. तीनास एक! लय मिनिटाला २४० मात्रांची ठेवली, म्हणजे द्रुत, की एक मात्रा बरोबर पाव सेकंदाची होते. आघात समेवर.

दुसऱ्या दिवशी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मनातल्या मनात ठेका धरून मारलं. पूर्ण आवर्तन चार सेकंदांचं होतं, त्यामुळे चेंडूवर उभं राहून थिजायचा माझा दुसरा रोगही गेला. पहिल्या दोन विभागांत पाय जमवायचे, खालीला, म्हणजे नवव्या मात्रेला, क्लब थोडा हलवून मनगटं सैल करायची, तेराव्याला निघायचं. वजन डाव्या पायावर यायला लागतं ते पंधराव्या आणि सोळाव्या मात्रेच्या मध्ये. ज्याने तबला किंवा कथक शिकलंय त्याला समेवर येण्याची ओढ काय असते ते सांगायला नको. ती ओढ आपोआप हातांना घाई करू देत नाही, कारण समेच्या आधी पोचणं हे अंगालाच नकोसं वाटतं. क्लब वर न्यायची गती वाढली आणि झडप गेली. पुन्हा चित्रण केलं तेव्हा वर जायचं माप दोनशेच्या आत आलं होतं.

सरांना मी हे दबकत सांगितलं. त्यांनी दोनदा ठेका म्हणून घ्यायला लावला, स्वतः क्लब हलवून पाहिला आणि म्हणाले, “हाच धरा. बाकी कुणी काही सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.”

रेंजवरच्या मॅटवर जमलेलं गवतावर जमतंच असं नाही. मॅटवर क्लब चेंडूच्या मागे आपटला तरी घसरून चेंडूला लागतो आणि फटका बरा दिसतो. पावसाळ्यानंतर फेअरवेवर, म्हणजे कोर्सवरच्या गवतावर, उतरले तेव्हा काही आठवडे गुण आधीपेक्षा वाईट पडले. सवय बदलताना असं होतं हे ठाऊक असूनही ते झोंबतं. सोबतचे लोक प्रेमाने जुने सल्ले द्यायचे. मी गुणांकडे पाहायचं सोडून जमिनीकडे पाहायला लागले. डिव्हट, म्हणजे क्लबने उखडलेल्या गवत-मातीचा खळगा, कुठे पडतंय, एवढीच खूण. पूर्वी ते चेंडूच्या मागे पडायचं किंवा पडायचंच नाही. नेहमीचा कॅडी गप्प राहणारा माणूस आहे. एका सकाळी त्याने वाळू भरता भरता सांगितलं, “मॅडम, आज माती चेंडूच्या पुढची निघतेय.” त्या दिवशी चेंडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, गेला की नाही हे मला आठवत नाही, त्याचं वाक्य आठवतं.

आज स्थिती अशी आहे: आयर्नचा डावीकडचा हुक जवळपास बंद झाला आहे. चुकला तर चेंडू थोडा उजवीकडे निघतो आणि बराचसा परत येतो, म्हणजे आता मला नेम धरता येतो. सात नंबरचं आयर्न पूर्वीपेक्षा सात-आठ यार्ड लांब जातं. हँडिकॅप (ते जितकं कमी तितका खेळ चांगला) बत्तीसवरून सव्वीसवर आलं. पाठ धरत नाही. ड्रायव्हरचं अजून जमलेलं नाही. शाफ्ट लांब, चेंडू पुढे, समोर मोकळं रान, आणि सोळावी मात्रा पुरती व्हायच्या आत खांदे निघतात. त्यावर सध्या उपाय एकच, पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, जायच्या आधी पाऊल टाकून, चेंडूशिवाय, पाच-सहा वेळा फिरवून घ्यायचं.

आणि छोटे फटके वेगळेच निघाले. पिच आणि चिपचं प्रमाण तीनास एक नसतं, दोनास एक असतं. तिथे त्रिताल धरला तर क्लब फार मागे जातो आणि चेंडू ग्रीनपलीकडे. त्यासाठी दादरा घेतला आहे. धा धिं ना, धा तिं ना. चौथ्या मात्रेला निघायचं, सहाव्याला वर, समेवर चेंडू. तीस यार्डांपर्यंत बसायला लागला आहे. चाळीस-पन्नास यार्डांच्या मधल्या फटक्याला कुठला धरायचा हे सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पुढच्या रविवारी दोन्ही मारून बघू, पण आधी तो खुब्याचा व्यायाम चालू आहे ना ते सांगा.”